लाखोळीचं पहिलं पाणी

माणसाची पारख मी पायांवरून करते. दोष माझा नाही, नोकरीचा आहे. मी एसटीत कंडक्टर आहे. वाशीम-अकोला गाडीच्या दारात उभं राहिलं की चढणाऱ्याचे आधी पाय दिसतात, तोंड मागून येतं. कोणाचा गुडघा गेलाय, कोण सकाळीच घेऊन आलाय, कोण सवलतीसाठी उगाच लंगडतोय, हे पहिल्या पायरीवरच कळतं. उगाच लंगडणाऱ्याला मी काही बोलत नाही. उतरताना तो हमखास दुसऱ्या पायानं लंगडतो, तेव्हा फक्त हसते.

म्हणूनच माझ्या सख्ख्या भावाच्या अपंगत्वाच्या कार्डावर लिहिलेलं 'पोलिओ' मला कधी पटलं नाही. पोलिओचा पाय मी रोज बघते. तो बारीक पडतो, लुळा असतो, कित्येकांना तो हातानं उचलून पायरीवर ठेवावा लागतो. दादाचे दोन्ही पाय सारखे, माझ्या पायांपेक्षा जाड, आणि लाकडासारखे ताठ. चालताना त्याचे गुडघे एकमेकांना घासतात, एक पाय दुसऱ्याच्या आडवा येतो आणि टाच जमिनीला लागतच नाही. दोन काठ्या घेऊन तो चवड्यांवर चालतो. त्याच्या नव्या चपलेचा अंगठा दोन महिन्यांत उडतो आणि टाच मात्र दुकानातून आणली तशी कोरी राहते. असा पोलिओ कुठे असतो, हे मी भेटेल त्या डॉक्टरला आणि भेटेल त्या बाबूला विचारून झालं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच. बाई, कार्ड मिळालं ना, सवलत मिळते ना, मग कारणाचं काय लोणचं घालायचंय?

मला ते लोणचं घालायचंच होतं. हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. पण त्या हट्टापायी आमच्या घरात काय झालं, तेही मलाच सांगावं लागेल.

आमचं घर मेडशीला. तिथे आता माय आणि दादा दोघंच राहतात. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न करून वाशीमला आले. दादाचं लग्न झालं नाही. पोरगी देणारे यायचे, चहा प्यायचे, आणि दादा काठ्या टेकत आतून बाहेर आला की त्यांना एकदम शेतातली कामं आठवायची. स्टँडला लागून त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. बसून करायचं काम, आणि हात इतके साफ की मालेगावची माणसंही बिघडलेला पंप घेऊन त्याच्याकडेच येतात.

माझी गाडी मेडशीला दोन मिनिटं थांबते. त्या दोन मिनिटांत माय खिडकीतून डबा देते. भाकर, वरण, असली तर एखादी भाजी, आणि कागदात बांधलेला ठेचा. मी नोकरीला लागले तेव्हापासून हे चालू आहे. वाशीमला माझ्या घरी माझा स्वतःचा गॅस आहे, हे तिला अनेकदा सांगून पाहिलं. तिला ते मान्य नाही. जी गाडी तिच्या गावावरून जाते, त्या गाडीतल्या लेकीनं दुसरीकडे जेवायचं म्हणजे तिची बेअब्रू.

दोन वर्षांपूर्वी दादाला नवं कार्ड काढायला सांगितलं. त्यासाठी पुन्हा तपासणी आली. तिथल्या डॉक्टरनं दादाचे पाय हातात घेतले, जुन्या कार्डाकडे पाहिलं, पुन्हा पायांकडे पाहिलं, आणि म्हणाला, हा पोलिओ वाटत नाही, अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरला दाखवून या. मला इतका आनंद झाला की मी त्याला पेढे द्यायचेच बाकी ठेवले. एवढी वर्षं मी जे बोंबलत होते, ते कोणीतरी पांढरा कोट घालून म्हटलं होतं.

मी रजा टाकली. माय म्हणाली, मीबी येतो. तिला नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

अकोल्याची डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होती. तिनं दादाच्या गुडघ्यावर रबराची हातोडी मारली तशी तंगडी ताडकन वर उडाली. पाऊल हातानं वर दाबलं तर ते थांबेचना, शिलाई मशीनच्या सुईसारखं खालीवर व्हायला लागलं. मग तिनं असा एक प्रश्न विचारला, जो आजवर एकाही माणसानं विचारला नव्हता. तिनं विचारलं, "हे सुरू झालं तेव्हा घरात खायला काय होतं?"

माय खुलली. तिच्या माहेराबद्दल इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठचं. तिकडे धान कापायच्या आधीच बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, लाखोळीचं बी फेकतात. कोणी तिला लाखेची डाळ म्हणतं. धान निघाला की त्याच ओलीवर ती उगवते, ना खत, ना पाणी, ना मशागत. माय सांगत होती, डॉक्टरीणबाई, लय चवीची डाळ, तुरीपेक्षा लवकर शिजते, तिच्या पाल्याची भाजी तं इचारूच नका. माह्या भावानं त्या दुष्काळात दोन पोते आणून देल्ले, तवा आमी जगलो.

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. किती महिने खाल्ली, दिवसातून किती वेळा, सोबत दुसरं काय होतं, असं एकेक विचारत गेली. मायनं अभिमानानं सांगितलं, चार-पाच महिने, तिन्ही वक्ताला, सोबत दुसरं काही नव्हतं. शेवटी डॉक्टरनं विचारलं की शिजवायच्या आधी पाण्यात भिजवून ते पाणी काढून टाकायचात का. तेव्हा माय बोलता बोलता थांबली.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. चांगली माणूस होती, घाई केली नाही. लाखोळीत एक विषारी द्रव्य असतं. अधूनमधून खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण महिनोन्‌महिने तीच खाल्ली आणि पोटात दुसरं काही गेलं नाही, तर मेंदूकडून पायाकडे हुकूम नेणाऱ्या नसा मरू शकतात. मग पाय असे ताठ होतात, आणि तसेच राहतात. सगळ्यांना होत नाही. जास्त खाणाऱ्या, अंगमेहनत करणाऱ्या तरुण पोरांत जास्त दिसतं, का ते नीट माहीत नाही. त्या 'जास्त खाणाऱ्या'वर मला माझं लहानपणचं ताट आठवलं, पण का, ते मी तिथे कोणाला सांगितलं नाही. आता रक्त तपासून काही सापडणार नाही, डॉक्टर म्हणाली. ही शक्यता आहे, पुरावा नाही. ते विष पाण्यात उतरतं, म्हणून जुनी माणसं पहिलं पाणी फेकतात.

बाजूच्या टेबलावर कागद भरणारा एक माणूस बसला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो मायला म्हणाला, "अहो, ढोरांचं खाणं ते. पोराला कशाला घातलं?"

मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "त्या साली तुमच्या घरी काय शिजत होतं? सांगा ना. आम्ही तुमच्याकडेच आलो असतो जेवायला." तो कागदात डोकं घालून बसला. डॉक्टरनं मला थांबवलं नाही. मला वाटतं, तिलाही तो माणूस फार दिवसांपासून सहन होत नव्हता.

कागदावर डॉक्टरनं पोलिओ खोडलं आणि आहारातल्या विषाची शक्यता लिहिली, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. प्रश्नचिन्हाला माझी हरकत नव्हती. खोट्या उत्तरापेक्षा खरा प्रश्न कधीही बरा. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. लढाई जिंकल्याचाच तोरा होता माझ्या चालण्यात.

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती, दादा पलीकडे, मी मध्ये. पातूर मागे पडलं. मग तिनं हळूच मला विचारलं, "ते जहर पाण्यात उतरते म्हणे ना?"

मी हो म्हटलं.

"अन ते पाणी म्या त्यालेच पाजलं."

त्या सालची गोष्ट मला सांगायलाच हवी. मी सहा वर्षांची होते, दादा चौदाचा. दोन पावसाळे कोरडे गेले. ज्वारी कंबरेएवढी होऊन वाळली, तूर फुलावर आलीच नाही. गावच्या विहिरींना तळ लागला. टँकर एक दिवसाआड यायचा, आणि तो आमच्या वस्तीच्या टोकापर्यंत पोचायच्या आधीच रिकामा व्हायचा. टँकर चुकला की बाप दूर नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं घागर भरायचा. एका घागरीला अर्धा दिवस जायचा.

अशात मामा आला. भंडाऱ्याकडून अकोल्याला, तिथे गाडी बदलून जऊळक्याच्या स्टेशनावर, आणि तिथून बैलगाडीनं. सोबत लाखोळीची दोन पोती आणि माझ्यासाठी मुरमुऱ्यांचं एक गाठोडं. माय दारातच रडली. आम्ही त्या दोन पोत्यांना हात लावून पाहिला.

मायच्या माहेरी लाखोळी शिजवायची एक रीत होती. आधी तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, आणि मग ते पाणी उकिरड्यावर फेकून द्यायचं. मग दुसऱ्या पाण्यात शिजवायची. का, ते तिच्या आईनं तिला कधी सांगितलं नाही, तिच्या आईलाही कोणी सांगितलं नसेल. नदीकाठच्या बाया. पाणी फेकायला कारण लागतं, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मेडशीतही मायनं पहिले चार दिवस तसंच केलं. पाचव्या दिवशी बाप झिऱ्यावरून घागर घेऊन आला आणि त्यानं अंगणातली ओली माती पाहिली.

बाप मारणारा नव्हता, ओरडणाराही नव्हता. त्यानं घागर खाली ठेवली आणि म्हणाला, "तुह्या माहेरी नदी हाये. इथं मी घोटघोट पाणी आणून राह्यलो, अन तू फेकून राह्यली?"

त्या दिवसापासून माय पाणी फेकायची बंद झाली. ज्या पाण्यात डाळ भिजली त्याच पाण्यात ती शिजायला लागली. वरण दाट व्हायचं. शेजारच्या बायाही म्हणाल्या, शहाणी बाई आहे, थेंब वाया जाऊ देत नाही. आमच्या मायचं आयुष्यात एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

दादा तेव्हा दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला जायचा. उन्हाळ्यात एका सकाळी तो उठला आणि दारातच तोंडावर पडला. पाय वाकेनात. गावात ज्याला जे सुचलं ते तो बोलला. ताप डोक्यात गेला, इंजेक्शन नसेवर बसलं, कोणी करणी केली. शेजारची एक म्हातारी खऱ्या मायेनं सांगत होती की पोहरादेवीला नेऊन याला पायरीवर घाला. माय तिला म्हणाली, आमी बुद्धाचे, आमाले दवाखान्यात जाऊ द्या. आणि दादाला पाठीवर घेऊन ती दवाखान्याच्या गाडीची वाट पाहत उभी राहिली. पुढे एका शिबिरात कोणीतरी विचारलं, लहानपणी ताप आला होता का. मायनं हो म्हटलं. कोणाच्या पोराला ताप येत नाही? झाला पोलिओ.

आता कळलं का, मी कशाला हात घातला होता? पोलिओ खोटा होता, पण त्या खोट्याच्या आडोशाला माझी माय इतकी वर्षं चूल पेटवत होती. तो आडोसा मी मोठ्या हिकमतीनं काढून फेकला.

अकोल्याहून आल्यानंतर पहिल्या ड्युटीला गाडी मेडशीला थांबली, तर स्टँडवर माय नव्हती. मला वाटलं, बरं नसेल. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी दादा दुकानातून काठ्या टेकत गाडीच्या दारापर्यंत आला आणि मला सांगून गेला की माय चुलीजवळ जात नाही. पीठ मळत नाही, डाळ निवडत नाही. त्याला म्हणते, हॉटेलातून आण, माह्या हातचं नको खाऊ. ती स्वतः शेजारणीकडून अर्धी भाकर मागून खाते. पन्नाशीचा माणूस, स्टँडवरचा वडा खाऊन पंप दुरुस्त करत होता.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असते. ती खीर माझी माय करते. दरवर्षी गावभरातून दूध येतं, आणि ते मोठं पातेलं ती कोणाला हलवूही देत नाही. त्या वर्षी बाया बोलवायला आल्या तर ती म्हणाली, दुसऱ्या कोणाला सांगा, माह्या हातावर भरोसा नाई. बायांना काही कळेना. मग हळूहळू कळलं. नळावर एकीनं दुसरीला सांगितलं की बाईनं पोटच्या पोराला जहर खाऊ घातलं, म्हणून आता पस्तावते. ते माझ्या कानावर आलं. त्या बाईच्या दारात जाऊन मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती आता माझ्या गाडीत बसत नाही, मागच्या गाडीची वाट पाहते. पाहू दे.

लोकांना दोषी लागतो. मीही रात्रंदिवस तोच शोधत होते. पाणी फेकू न देणारा बाप दोषी म्हणावा, तर त्याच्या खांद्यावर घागरीचे वळ होते. पोती आणणारा मामा म्हणावा, तर तो आला नसता तर आम्ही काय माती खाल्ली असती? ज्यांच्या हातात टँकर होता, ते आमच्या वस्तीच्या टोकापर्यंत का आले नाहीत, हे मात्र कोणत्याच डॉक्टरनं विचारलं नाही. ज्या डाळीची विक्री आपल्याकडे कितीतरी वर्षं बंद होती, ती बंद असतानाही कोणाच्या ताटात होती? ज्यांच्यासमोर निवड होती त्यांच्या नव्हे. बंदी घालणाऱ्यांनी डाळ काढून घेतली, तिच्या जागी काय ठेवलं? मी हे प्रश्न ड्युटीवर तिकिटं फाडताना मनातल्या मनात विचारायची, आणि कधी कधी मोठ्यानं. माझे ड्रायव्हर म्हणायचे, ताई, आज कोणाशी भांडण सुरू आहे?

मधल्या काळात नवं कार्डही झालं. डॉक्टरचा कागद घेऊन मी गेले, तर कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा म्हणाला, असं कारण यादीत नाही. पोलिओ टाकू का? मी म्हटलं, टाकून दाखव. मग त्यानं 'इतर' टाकलं. दादा कार्ड पाहून हसला. म्हणाला, चला, पोलिओ गेला, आता मी इतर झालो. त्याला हसायला येत होतं. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती.

त्या दिवशी मी ठरवलं की आता ती गोष्ट सांगायचीच, जी मी कोणालाही सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

रविवार होता, सुटी होती. दुपारच्या गाडीनं मेडशीला गेले. दादा ओसरीवर एक पंप उघडून बसला होता. माय आत, थंड चुलीपासून दूर, पाय लांब करून. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. त्या साली मला लाखोळीचा वास सहन व्हायचा नाही. घट्ट वरण घशाखाली उतरायचं नाही. पण ताटात टाकलं तर बाप रागवायचा. म्हणून मायची पाठ वळली की मी माझं वरण दादाच्या ताटात लोटायची. रोज. तिन्ही वक्ताला. मी मामानं आणलेल्या मुरमुऱ्यांवर आणि ज्याच्या त्याच्या दारातल्या चिंचाबोरांवर जगले. डॉक्टरीण म्हणाली होती की जास्त खाणाऱ्याला होतं. दादाच्या पोटात जे जास्त गेलं, ते माझ्या ताटातलं होतं. आणि पाहा, मी गाडीत दिवसभर उभी असते, माझे पाय ठणठणीत आहेत.

माय माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तू सहा वर्साची होती. तुले काय समजत होतं?"

"अन तुले?" मी म्हटलं. "तुले कोणी सांगतलं होतं? मले माफ करतं, अन सोताले काहून नाई?"

मी रडत होते, आणि मला रडताना स्वतःचाच राग येत होता. तेवढ्यात ओसरीवरून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. दादा सगळं ऐकत होता. तो उठला, काठ्या न घेता, भिंतीला धरून, चवड्यांवर, दारापर्यंत आला. मला वाटलं, आता मला शिव्या घालेल. घातल्या असत्या तरी चाललं असतं.

"तुहं वरण मले माहीत होतं," तो मला म्हणाला. "मी काय आंधळा होतो? ताट सरकवून तर मीच देत होतो. मले भूक राह्यची."

मग मायकडे वळला. त्याला मोठं बोलायची सवय नाही. पंपात अडकलेला वायसर काढावा तसं एकेक वाक्य तो काढत होता.

"माय, त्या साली लाखोळी नसती, तं पाय राह्यले असते, अन मी राह्यलो नसतो. तुनं सोताच्या पोटातलं काढून मले देल्लं. मी पाह्यलं हाये. आता ह्या वयात मले वडे खाऊ घालून मारून राह्यली तू. मले भूक लागली हाये. सांगून ठेवतो."

एवढं बोलून तो परत ओसरीवर जाऊन बसला आणि पंपाचा दट्ट्या घासायला लागला. माय उठली नाही. मी बराच वेळ वाट पाहिली. चूल तशीच होती. मग संध्याकाळची शेवटची सोयीची गाडी आली आणि मला निघावं लागलं. गाडी सुटल्यापासून मी मनात म्हणत होते की झालं ते चुकलंच, पोलिओच राहू द्यायला हवा होता. मालेगाव गेलं, आणि मग वाटलं, नाही. खोट्या कागदाखाली झाकलेली माय मला नको. खरी माय हवी, भांडणारी, डबा देणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती. गाडीत आठवडी बाजाराची गर्दी, उभ्यानं माणसं, पायात टोपल्या. मेडशीच्या वळणावर मी मुद्दाम बाहेर पाहत नव्हते. गाडी थांबली, दार उघडलं, पाय चढायला लागले. त्यांच्यात एक ओळखीचे पाय होते, भेगाळलेले, अनवाणी. ते चढले नाहीत, पायरीपाशी थांबले.

मायच्या हातात डबा होता. डोळे सुजलेले होते. तिनं डबा माझ्यापुढे धरला, पण लगेच सोडला नाही. म्हणाली, "तुरीची हाये. उघडून पाह्यून घे."

मी डबा ओढून घेतला. उघडला, पण पाहिलं नाही. तिकिटांचं मशीन खांद्यावर सरकवलं, तिथेच दारात, भरल्या गाडीत, भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला आणि तिच्यासमोर खाल्ला. मग दुसरा. ठेचा लागला, नाकातून पाणी आलं. मागून कोणीतरी म्हणालं, ओ कंडक्टरबाई, घरी जेवून येत जा. मी तिसरा घास घेतला. पलीकडे दुकानाच्या दारात दादाही ताट मांडीवर घेऊन बसला होता, आणि ताटातलं तोंडात घालत आमच्याकडेच पाहत होता.

माय पायरीपाशी उभी राहून माझं तोंड बघत होती, मी गिळलं की नाही ते. मी सगळं गिळलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, दोनदा, तीनदा. दोन मिनिटांचा थांबा कधीच संपला होता. मी डबा पुसून रिकामा केला, तिच्या हातात परत दिला, आणि मगच घंटी मारली.